माजी-भावी आमदार

नोव्हेंबर 2024 मध्ये महाराष्ट्र विधानसभेच्या 288 जागांसाठी 4,136 उमेदवार उभे होते. त्यातल्या 288 जणांचं पुढं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. रोज टीव्हीवर दिसतात. माझं लक्ष लागून राहिलंय ते उरलेल्या 3,848 जणांकडं. यातले बहुतेक हौशे, नवशे आणि गवशे. वैध मतांच्या सहाव्या हिश्शाहून जास्त मतं पडली नाहीत की दहा हजारांचं डिपॉझिट सरकारजमा होतं. ते झालं की ही मंडळी दुसऱ्या दिवशी आपापलं शटर उघडून बसतात. तमिळनाडूतल्या मेट्टूरचे के. पद्मराजन तर 1988 पासून दोनशेच्या वर निवडणुका लढले आणि हरले. टायरचं दुकान चालवतात आणि हरण्यात आनंद मानतात. त्यांच्याविषयी लिहिण्यासारखं फार काही नाही. ते सुखी आहेत.

लिहायचंय ते भाऊंविषयी. भाऊ म्हणजे दोन नंबरची मतं घेतलेला माणूस. असा एकेक भाऊ प्रत्येक तालुक्यात असतो. कुठं त्याला अण्णा म्हणतात, कुठं बापू, कुठं दादा. आमच्याकडं भाऊ. एकदा निवडून आलेले आणि त्यानंतर दोनदा पडलेले. आपल्याकडं एकदा आमदार झालेला माणूस मरेपर्यंत आमदारच असतो. लोक तोंडावर 'आमदारसाहेब' म्हणतात, सरकार दरमहा पन्नास हजार पेन्शन देतं, आणि गाडीच्या काचेवर 'माजी' ही दोन अक्षरं इतकी बारीक काढलेली असतात, की टोलनाक्यावरच्या पोरानं वाचेपर्यंत गाडी पुढच्या गावात पोचलेली असते. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर मात्र 'माजी' नसतं, तिथं 'भावी' असतं. माजी आणि भावी यांच्या मध्ये, म्हणजे आज, भाऊ कोण आहेत, हे आमच्या तालुक्यात अजून कुणी त्यांना विचारलेलं नाही.

भाऊंचा बंगला आमच्या गल्लीच्या तोंडाशी आहे, त्यामुळं निकालाचा दिवस घरबसल्या दिसतो. सकाळी सातलाच मांडव पडला होता, खुर्च्या लागल्या होत्या, कोपऱ्यात गुलालाची पोती आणि रस्त्यावर बकेट वर करून उभा असलेला जेसीबी. आठ वाजता टपाली मतं मोजायला घेतली आणि त्यात भाऊ दोनशे अकरा मतांनी पुढं. लगेच फटाक्यांची माळ. मतमोजणीच्या हॉलमध्ये प्रतिनिधीला मोबाइल नेता येत नाही, जाळीच्या अलीकडं बसून मशीनवरचा आकडा कागदावर उतरवायचा. तो कागद फाटकापर्यंत यायचा आणि फाटकापासून एक पोरगं फोनवर सांगायचं. तिसऱ्या फेरीला भाऊ मागं पडले. पण कुणी घाबरलं नाही. "आपला पट्टा अजून निघायचाय," असं सगळे एकमेकांना सांगत होते. सहाव्या फेरीलाही पट्टा निघायचा होता. अकराव्या फेरीला तो निघाला, आणि त्यात भाऊ आणखी नऊशेनं मागं गेले.

चौदाव्या फेरीला जेसीबीनं हळूच बकेट खाली घेतली आणि तो वळून पलीकडच्या आळीत गेला. त्यानं ॲडव्हान्स दोन्हीकडून घेतला होता. सतरावी फेरी जाहीर व्हायच्या आत मांडववाल्याचा टेम्पो आला आणि पोरं बसलेल्या माणसांच्या खालच्या खुर्च्या सोडून बाकीच्या गोळा करू लागली. गुलालवाला तेवढा परत घेत नाही. तो गुलाल पुढं गणपतीत वापरला गेला.

त्या दिवशी आणखी एक घोळ झाला. सोशल मीडिया सांभाळणाऱ्या पोरानं आदल्या रात्रीच दोन मजकूर तयार ठेवले होते. एक होता 'हा विजय माझा नसून मायबाप जनतेचा आहे' आणि दुसरा 'जनतेचा कौल नम्रपणे स्वीकारतो'. दुपारी दोनला त्यानं रडत रडत पहिला टाकला. तो काढेपर्यंत त्याला तीनशे लाइक आले होते. त्यातला एक विजयी उमेदवाराचा होता.

संध्याकाळी माणसं यायला लागली. येणारा चप्पल काढून निमूट बसायचा, थोड्या वेळानं एक सुस्कारा टाकायचा, आणि "होऊ नये ते झालं" म्हणून चहाचा कप उचलायचा. कुणी 'तब्येतीला जपा' म्हणायचं. वहिनीसाहेबांना धीर द्यायला बायका आत जात होत्या. त्यात एक कार्यकर्ता भर बैठकीत उभा राहिला आणि म्हणाला, "भाऊ, तुम्ही पडला नाहीत. तालुका पडला!" भाऊंनी मान वर केली. सकाळपासून पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला. तिसऱ्या दिवशी ते वाक्य एसटी स्टँडसमोर वीस बाय तीसच्या फ्लेक्सवर लागलं, खाली भाऊंचा हात जोडलेला फोटो.

त्यानंतर भाऊंनी रजिस्टर काढलं.

हे रजिस्टर म्हणजे दोनशे पानी, कापडी बांधणीचं, लाल रंगाचं. त्यात मतदारसंघातलं प्रत्येक मतदान केंद्र, तिथला आपला माणूस, त्याच्या हाती 'पोचवलेलं' आणि मिळणारी मतं असे रकाने. निकालानंतर केंद्रवार आकडे मिळतात, ते भाऊ स्वतः शाईच्या पेनानं शेवटच्या रकान्यात भरत होते. महिनाभर हे चाललं. एखाद्या गावचा माणूस आला, की भाऊ पान उघडत.

"शाळा नंबर दोन, खोली पूर्वेची. चारशे बारा माणसं धरली होती तू."

"धरली होती भाऊ."

"मतं दोनशे सत्त्याऐंशी."

"असतील भाऊ."

"मग सव्वाशे गेली कुठं?"

माणूस छताकडं बघायचा. भाऊ पान मुडपून ठेवायचे. हिशेबात भाऊ पक्के होते. एक बेरीज तेवढी त्यांनी कधी करून पाहिली नाही. आमदार असतानाच्या पाच वर्षांत या गावात आपण किती वेळा गेलो, हा रकाना रजिस्टरमध्ये नव्हता.

सगळ्यात दुखरं पान भाऊंच्या स्वतःच्या केंद्राचं. तिथं ते अडतीस मतांनी मागं होते. आमच्या गल्लीत राहणारे निवृत्त गुरुजी अशा वेळी नेमके हजर असतात. त्यांनी राजस्थानातली गोष्ट सांगितली. 2008 मध्ये नाथद्वाऱ्याला काँग्रेसचे सी. पी. जोशी एका मतानं पडले. प्रदेशाध्यक्ष होते, मुख्यमंत्रिपदासाठी नाव घेतलं जात होतं. 62,216 विरुद्ध 62,215. आणि सांगतात, की त्यांच्या घरच्याच मंडळी त्या दिवशी देवळात गेल्या आणि मतदान राहून गेलं. गुरुजींनी ही गोष्ट धीर द्यायला सांगितली होती. भाऊ मात्र उठले आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले.

"तू गेली होतीस ना मतदानाला?"

"गेले होते की."

"आणि मत—" एवढं बोलून भाऊ थांबले. वहिनीसाहेबांनी पोळी उलटली. भाऊ परत येऊन बसले आणि त्यांनी रजिस्टर मिटलं.

पराभवाची कारणं आमच्याकडं रोज नवी निघत होती. पहिल्या आठवड्यात बंडखोर. मग जातीचं गणित. मग समोरच्यानं भाऊंच्याच नावाचा एक अपक्ष उभा केला होता, त्यानं खाल्लेली एकोणीसशे मतं. (भाऊंनीही समोरच्याच्या नावाचा एक शोधून उभा केला होता, पण त्याला सहाशेच पडली. "माणूसच धड मिळाला नाही," असं भाऊ म्हणतात.) साताऱ्याचं उदाहरण तर तोंडपाठ झालं होतं. 2024 च्या लोकसभेला तिथं शशिकांत शिंदे 32,771 मतांनी हरले, आणि 'तुतारी वाजवणारा माणूस' या त्यांच्या चिन्हाशी साधर्म्य असलेल्या पिपाणीला 37,062 मतं गेली. हे आकडे सांगताना भाऊंचा आवाज भरून यायचा. खरं तर भाऊंच्या मतदारसंघात पिपाणी कुणालाच मिळाली नव्हती. नेमकं तेच त्यांना सलत असावं. हरलेल्या माणसाला एक तरी पिपाणी लागतेच.

मग मशीन. आता मतदान यंत्राविषयी शंका घेऊच नये असं माझं म्हणणं नाही. लोकांच्या मतावर लोकांचा विश्वास बसला पाहिजे, आणि माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीच्या लोकांनी डिसेंबर 2024 मध्ये मतपत्रिकेवर पुन्हा मत टाकून बघायचं ठरवलं तेव्हा प्रशासनानं जमावबंदी लावून ते थांबवलं, त्यानं शंका कमी झाली असं काही नाही. गंमत इतकीच, की मारकडवाडी ज्या मतदारसंघात येते तिथं आक्षेप घेणाऱ्यांचाच उमेदवार निवडून आला होता. भाऊंची शंका आणखी सोयीची. ते ज्या वर्षी जिंकले त्या वर्षीचं मशीन चांगलं होतं. मतमोजणीच्या दिवशीही मशीनची बॅटरी नव्याण्णव टक्के कशी राहते, हे ते पानाच्या टपरीवरसुद्धा समजावून सांगत. सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल 2024 च्या निकालानुसार दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला सात दिवसांच्या आत अर्ज करून पाच टक्के यंत्रं तपासून घेता येतात, असं वकिलांनी सांगितलं तेव्हा भाऊ उत्साहानं पुढं सरकले. मग खर्च कळला. एका संचाला चाळीस हजार आणि वर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे 47,200 रुपये.

"संशयावर पण जीएसटी?" भाऊ म्हणाले.

अर्ज राहिला. उच्च न्यायालयात निवडणूक याचिका करायला पंचेचाळीस दिवसांची मुदत असते, तीही चर्चेत गेली. एक मुदत मात्र पाळणं भाग होतं. निकालापासून तीस दिवसांत खर्चाचा हिशेब द्यावा लागतो, नाही तर तीन वर्षांसाठी निवडणूक लढवायलाच बंदी येऊ शकते. विधानसभेला मर्यादा चाळीस लाखांची. भाऊंचे दोन हिशेब होते. निवडणूक कार्यालयाकडं गेलेल्या हिशेबात चहा, वडापाव, मंडप, रिक्षा, स्पीकर असं सगळं सरकारी दरपत्रकाप्रमाणं, पैशापैशाला जुळवलेलं आणि शुद्ध शाकाहारी. दुसरा हिशेब माणसांच्या रूपानं रोज सकाळी बंगल्यावर यायचा. ढाबेवाला, जीपवाले, छपाईवाला, पंधरा दिवस दोन वेळची रस्सा-भाकरी उचललेला आचारी. जिंकलेल्या माणसाकडं उधारी मागायला कुणी जात नाही, पुढं पाच वर्षं पडलीत. पडलेल्याकडं लगेच जातात. भाऊ म्हणायचे, "खरे मतदार तुम्हीच, तुम्ही तेवढे मोजून आलात."

या काळात भाऊंच्या दिवाणखान्यात फोटो वाढले. आधी फक्त यशवंतराव आणि वसंतदादा होते. आता इंदिरा गांधी आल्या, वाजपेयी आले, मोरारजीभाई आले. येईल त्याला भाऊ फोटो दाखवून सांगायचे. 1952 मध्ये मोरारजीभाई 19 मतांनी पडले, तरी मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले. वाजपेयी 1984 मध्ये ग्वाल्हेरला पडले, पुढं पंतप्रधान. ममताबाई 2021 मध्ये नंदीग्रामला 1,956 मतांनी पडल्या, खुर्ची हलली नाही. आणि इंदिराबाई 1977 मध्ये रायबरेलीत 55,202 मतांनी पडल्या. भाऊ तर फक्त चार हजारांनी पडलेत. त्या हिशेबानं भाऊंची लोकप्रियता कुठल्या कुठं जाते, हे ऐकणाऱ्यानं मनातल्या मनात करून घ्यायचं गणित. एकदा भाऊ बाबासाहेबांवर आले. 1952 ला मुंबईत आणि 1954 ला भंडाऱ्यात बाबासाहेबसुद्धा पडले होते, असं ते म्हणाले, तेव्हा गुरुजींनी कप खाली ठेवला.

"भाऊ, त्यांचं नाव यात नको. ते पडले तेव्हा तोटा लोकसभेचा झाला. तुमच्या पडण्यात कुणाचा झाला, ते अजून बघायचंय."

त्यानंतर दोन दिवस गुरुजी आमच्याच ओट्यावर चहा पीत होते.

पक्षानं आत्मचिंतन बैठक ठेवली. मंगल कार्यालयात. मुंबईहून निरीक्षक आले होते, त्यांना मतदारसंघाचं नाव चिठ्ठी बघून सांगावं लागत होतं. "मनमोकळं बोला," ते म्हणाले. एक तरुण तालुकाप्रमुख खरंच मनमोकळं बोलला. उमेदवार चुकला, वेळेवर तिकीट जाहीर झालं नाही, वरचे नेते मुख्यमंत्री कोण यावर भांडत बसले, असं सगळं बोलला. त्याला आठवड्यानं शिस्तभंगाची नोटीस आली. जिल्हाध्यक्षांनी नैतिक जबाबदारी स्वीकारून राजीनामा दिला, प्रदेशानं तो नामंजूर केला, आणि जिल्हाध्यक्षांनी तो लगोलग परत घेतला. सगळं मिळून पंचवीस मिनिटं. मग जेवण. शिरा चांगला होता.

पक्षांचंही भाऊंसारखंच असतं, बंगला तेवढा मोठा. काँग्रेसनं 1999 मध्ये पराभवानंतर ए. के. अँटनी यांची समिती नेमली, आणि 2014 मध्ये 44 जागांवर आल्यावर पुन्हा अँटनींचीच. दुसऱ्या वेळी नेतृत्वाचा दोष नाही, हे समितीच्या अध्यक्षांनीच सांगून टाकलं. 2019 मध्ये 52 जागा झाल्या. ज्याला पराभव पचवता येतो तो पक्ष निराळा. 1984 मध्ये लोकसभेत दोन खासदार उरलेल्या भाजपनं तो पचवला, हे त्यांच्या विरोधकांनाही मान्य करावं लागतं. पण मला सगळ्यात रंगतदार वाटतं ते 2024 चं साल, कारण त्या सालात दोन्ही बाजूंचा पेपर एकाच वर्गात तपासला गेला. जूनमध्ये लोकसभेला महायुतीच्या 48 पैकी 17 जागा आल्या. भाजप 23 वरून 9 वर. फडणवीसांनी दुसऱ्याच दिवशी मला सरकारमधून मोकळं करा म्हटलं. मोकळं कुणी केलं नाही, पण महिन्याच्या आत लाडक्या बहिणीला पंधराशे रुपये जाहीर झाले, आणि त्याच पक्षाचे लोक पुन्हा केंद्रावर केंद्र चाळू लागले. तिकडं जिंकलेली महाविकास आघाडी मुख्यमंत्रिपदाचा चेहरा कोण आणि कुठली जागा कुणाची, यात दसरा-दिवाळी घालवत होती. नोव्हेंबरमध्ये महायुती 230 आणि आघाडीचे तीन मोठे पक्ष मिळून 46. पंधराशे रुपयांचं अर्थशास्त्र बरं की वाईट हा वाद वेगळा; मला ते सरकारी तिजोरीतून भरलेलं पराभवाचं बिल वाटतं. पण हरलेल्यानं काहीतरी केलं आणि जिंकलेल्यानं नुसता हार घातला, एवढं खरं. त्यानंतर विधानसभेत विरोधी पक्षनेतेपदाला लागणारे दहा टक्के, म्हणजे 29 आमदार कुठल्याच एका विरोधी पक्षाकडं उरले नाहीत.

भाऊंना हे सगळं मी एकदा सांगून पाहिलं. ते म्हणाले, "आपल्याकडं पंधराशे वाटायला तिजोरी पाहिजे ना." मुद्दा बरोबर होता.

पण एक गोष्ट भाऊंच्या बाजूनं सांगितली पाहिजे, कारण ती मी डोळ्यांनी बघितली आहे. पडल्यावर भाऊ भेटायला लागले. आमदार असताना सकाळी सातला बंगल्यावर गेलं तर ते मुंबईला गेलेले असत आणि मुंबईला गेलं तर मतदारसंघात. आता साडेसहाला ओट्यावर बनियनवर बसलेले. कुणाचा सातबारा अडलाय, कुणाचं रोहित्र जळलंय, कुणाच्या पोरीचा जातीचा दाखला प्रांताकडं पडून आहे. भाऊ लगेच फोन लावतात. अधिकारी फोन उचलतात, कारण पुढच्या वेळी कोण येईल याचा नेम नसतो. रोहित्र आठवड्यात बसतं. निवडून आलेले आमदार मात्र आता मुंबईला असतात, त्यांचा पीए फोन घेतो. आमच्या तालुक्याला गेल्या पंधरा वर्षांत जो काही कामाचा लोकप्रतिनिधी मिळाला, तो दर वेळी पडलेलाच होता. भाऊंना हे कुणी सांगत नाही. सांगितलं तर ते पुन्हा निवडून येतील, अशी लोकांना धास्ती असावी.

आणि दहावे. आमच्या भागात दशक्रियेला घाटावर पुढाऱ्यांची श्रद्धांजलीपर भाषणं होतात. पडलेला माणूस एकही दहावा चुकवत नाही. मागच्या पावसाळ्यात एका जुन्या कार्यकर्त्याचा दहावा होता. विद्यमान आमदार आले होते, भाऊ होते, कारखान्याचे चेअरमन होते. पिंड ठेवलेला. कावळे समोरच्या बाभळीवर सात-आठ बसलेले, एकही खाली येईना. सगळ्यांची भाषणं झाली. घरच्यांनी पोराबाळांची काळजी घेऊ म्हणून सांगितलं, विहिरीचा हिस्सा धाकट्याला देऊ म्हणून सांगितलं. कावळे ढिम्म. मग मागून कुणीतरी म्हणालं, "म्हाताऱ्याची एकच इच्छा होती, भाऊंनी परत आमदार व्हावं."

घाटावर शांतता. विद्यमान आमदार चपला शोधू लागले. भाऊ पुढं आले, हात जोडले आणि म्हणाले, "तात्या, तुमची शपथ. पुढच्या वेळी उभा राहतोच." बराच वेळ काही झालं नाही. भाऊ आणखी थोडं बोलले. पाणी योजना, बायपास, एमआयडीसी. शेवटी गुरुजींनी हळूच त्यांच्या बाहीला धरून मागं ओढलं. भाऊ बोलायचे थांबले आणि त्याच क्षणी एक कावळा खाली आला.

भाऊंच्या माणसांचं म्हणणं, शपथेमुळं आला. आमदारांच्या माणसांचं म्हणणं, भाषण संपलं म्हणून आला. यावर तालुक्यात अजून एकमत नाही.

मध्यंतरी भाऊंच्या मनात विधान परिषद आली. परिषदेत 78 जागा, त्यातल्या 12 राज्यपालनियुक्त. साहित्य, विज्ञान, कला, सहकार चळवळ आणि समाजसेवा यांतल्या जाणकारांसाठी. लोकसभेला किंवा विधानसभेला पडलेल्या माणसाला परिषद नवी नाही. पंकजा मुंडे जून 2024 मध्ये बीडला 6,553 मतांनी हरल्या आणि जुलैत आमदारांच्या मतांवर परिषदेत गेल्या, डिसेंबरात मंत्री झाल्या. भाऊंनी मात्र राज्यपालांच्या वाटेनं जायचं ठरवलं. पाच क्षेत्रांपैकी आपण कशात बसतो, यावर बंगल्यावर रात्री साडेअकरापर्यंत खल झाला. सहकार म्हणावं तर पतसंस्थेची चौकशी चालू होती. समाजसेवेत गर्दी फार. शेवटी साहित्यावर शिक्कामोर्तब झालं, कारण वाढदिवसाला निघालेल्या गौरव अंकात भाऊंच्या नावानं मनोगत होतं. ते गुरुजींनी लिहिलं होतं. महिन्याभरानं दुसऱ्यांची नावं आली. "मराठी साहित्याचं दुर्दैव," असं गुरुजी म्हणाले, आणि हे उपरोधानं होतं हे भाऊंना अजून कळलेलं नाही.

मग व्हायचं तेच झालं. एके दिवशी भाऊ पन्नास गाड्या घेऊन मुंबईला गेले आणि सत्तेतल्या पक्षात त्यांचा प्रवेश झाला. कार्यकर्त्यांच्या आग्रहाखातर आणि तालुक्याच्या विकासासाठी. आमदार ज्या पक्षाचे आहेत त्यात नव्हे, त्याच्या मित्रपक्षात. म्हणजे सरकार एकच, उपरणं वेगळं. जुनी दोन उपरणी वहिनीसाहेबांनी धुऊन, इस्त्री करून, डांबराच्या गोळ्या घालून कपाटात ठेवली आहेत. त्या व्यवहारी बाई आहेत.

मागच्या महिन्यात रस्त्याचं भूमिपूजन झालं. कोनशिलेवर दोघांची नावं सारख्याच टायपात. कुणाचं वर यावरून ठेकेदाराला तीनदा दगड बदलावा लागला. आमदारांनी आणि भाऊंनी एकाच कुदळीला हात लावला, फोटो झाला, पेढे झाले. दोघं एका सोफ्यावर बसून पेढा खात असताना एक पोरगं पुढं आलं. कपाळावर जुनी टाक्यांची खूण. मतदानाच्या दिवशी केंद्राबाहेर झालेल्या मारामारीतलं ते.

"भाऊ, मंगळवारी तारीख आहे कोर्टात."

"कसली रे?"

"तीच की. तुमच्यासाठी भांडलो ती."

भाऊंनी आमदारांकडं बघितलं. आमदारांनी मोबाइल काढला.

"समोरचं पोरगं कुणाचं होतं?"

पोरानं हनुवटीनं आमदारांकडं खूण केली. "ह्यांचंच."

"मग दोघं एकाच गाडीनं जावा की," भाऊ म्हणाले. "डिझेल मी टाकतो."

"निम्मं माझ्याकडनं," आमदार मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाले.